टाच ओलसर, बेचकी कोरडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पायांच्या काळजीवर वृत्तपत्रांत आणि पुरवण्यांत जे छापून येते, त्यात एक सल्ला हमखास असतो. पाय अर्धा तास गरम पाण्यात बुडवून ठेवा, मग घासा, मग क्रीम चोळा. आम्ही पायांच्या तक्रारी तपासणारे आणि पायांच्या जखमांची मलमपट्टी करणारे लोक आहोत. हा सल्ला बहुतेकांना उपयोगी पडत नाही आणि काहींना तो थेट इजा करतो, म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे. ‘पाय स्वच्छ ठेवा’ एवढे सांगून कोणाच्या भेगा बुजत नाहीत की चिखल्या जात नाहीत. किती, केव्हा, कोणत्या जागी आणि कोणत्या क्रमाने, हे सांगावेच लागते.

पायाची कातडी सगळीकडे सारखी नसते, इथून सुरुवात करू. तळव्याच्या कातडीत तेलग्रंथी नसतातच. घामग्रंथी मात्र तिथे शरीरात सर्वांत दाट असतात. पापणीवर बाह्यत्वचा जेमतेम ०.०५ मिलिमीटर असते, तर तळव्यावर ती दीड मिलिमीटरच्या घरात जाते आणि तिचा बराचसा भाग मृत, कठीण थराचा असतो. तेलाचे आवरण नसल्याने या थरातले पाणी उडून जाते आणि तो कडक होतो. बोटांच्या बेचक्यांत सगळे याच्या उलट. तिथे कातडी पातळ, दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटलेले, हवा जवळजवळ नाही आणि आलेला घाम जायला वाट नाही. म्हणजे टाचेला ओलावा टिकवायला मदत हवी आणि बेचक्यांना ओलावा घालवायला. रोज घडते मात्र उलटे. अंघोळीनंतर टॉवेल पावलावरून आणि टाचेवरून फिरतो, बेचकी ओलीच राहतात. क्रीम लावताना हाताला उरलेसुरले असते ते बोटांच्या मध्ये पुसले जाते. पायांच्या कितीतरी तक्रारींचे मूळ एवढ्यात सापडते.

आता भिजवण्याबद्दल. पाण्यात राहिल्यावर कातडी फुगते, मऊ वाटते आणि लोकांची खात्री पटते की फायदा झाला. प्रत्यक्षात कातडीत पाणी धरून ठेवणारी तिची स्वतःची द्रव्ये त्या पाण्यात विरघळून निघून जातात. पाय बाहेर काढल्यावर तासाभरात टाच आधीपेक्षा कोरडी पडते. पाणी जितके गरम आणि साबण जितका कडक, तितके हे जास्त. मीठ किंवा सोडा घातल्याने यात सुधारणा होत नाही. रोज पाय धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण आणि दोन-तीन मिनिटे पुरतात. घट्ट्यासाठी भिजवायचेच असेल तर दहा मिनिटांच्या वर नको, तेही मधुमेह नसलेल्या आणि पायाला जखम नसलेल्या माणसाने.

धुतल्यावर पुसण्याला धुण्याइतकाच वेळ द्या. एका पायाला चार बेचकी, दोन्ही मिळून आठ. प्रत्येक बेचके उघडून मऊ कापडाच्या टोकाने टिपायचे, घासायचे नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांच्यातले बेचके सर्वांत अरुंद असते आणि बिघाड बहुधा तिथूनच सुरू होतो, म्हणून ते शेवटी उरकून टाकू नका, तिथूनच सुरुवात करा. गुडघे किंवा कंबर वाकत नसेल तर खुर्चीत बसून सुती कापडाची दोन बोटे रुंद पट्टी बेचक्यातून पुढे-मागे ओढावी, किंवा घरातल्या कोणी हे काम करावे. नंतर पाच मिनिटे पाय उघडे ठेवून मगच मोजे घालावेत. ओल्या बेचक्यात साधी पावडर टाकली की तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच कातडी सोलतात. पावडर वापरायचीच तर पूर्ण कोरड्या जागी, अगदी थोडी.

चिखल्यांबद्दल जरा सविस्तर, कारण इथे औषधाच्या चुकाही खूप होतात. सुरुवातीला बेचके पांढरे, भिजल्यासारखे दिसते, मग साल निघते, खाज सुटते, आडवी चीर पडते. बहुतेक वेळा ही बुरशी असते, गजकर्णाच्याच कुळातली. क्लोट्रिमाझोल १ टक्का हे मलम दिवसातून दोनदा, चार आठवड्यांपर्यंत लावावे लागते. टर्बिनाफिन १ टक्का साधारण एक ते दोन आठवड्यांत काम करते. मलमाचा पातळ थर दिसणाऱ्या डागाच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत न्यायचा, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. चार दिवसांत खाज थांबते आणि लोक मलम बंद करतात. तीन आठवड्यांनी चिखल्या परत येतात आणि ‘या औषधाचा गुण नाही’ असे ठरते. औषधाचा गुण असतो, मुदत अर्धवट सोडलेली असते.

दुसरी चूक अधिक महागात पडते. बुरशीचे औषध, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली मलमे कोणाच्या तरी सांगण्यावरून आणली जातात. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत जाते, म्हणून ती आवडतात. पण तेच स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबते, बुरशी शांतपणे पसरते आणि तिचे रूप इतके बदलते की पुढे डॉक्टरांनाही ती ओळखणे अवघड जाते. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी नावे दिसली तर ते मलम स्वतःच्या मनाने पायाला लावू नका.

बुरशी पायावरून जांघेत जाते, आणि तिचे एक वाहन म्हणजे कपडे घालण्याचा क्रम. चिखल्या असताना आधी मोजे घालावेत, अंतर्वस्त्र नंतर, म्हणजे ते पायावर घासत वर येत नाही. पायाचा टॉवेल वेगळा ठेवावा. मोजे रोज बदलावेत आणि कापडाला चालत असेल तर ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. हिरवट स्राव, तीव्र वास आणि ठणका असेल तर तिथे जीवाणूही शिरले आहेत असे समजून डॉक्टरांकडे जावे. बेचक्यातली चीर ही जीवाणूंना पायात शिरण्याची उघडी वाट असते. नडगीपर्यंत लाल, गरम, दुखरी सूज आणि ताप घेऊन येणाऱ्या माणसाची करंगळीशेजारची बेचकी आम्ही आधी पाहतो, ती याचसाठी.

पायाला फार वास येणे ही बहुधा याच ओलाव्याची तक्रार. घामाला स्वतःला वास नसतो, जीवाणू घाम आणि मृत कातडी फोडतात तेव्हा तो तयार होतो. चवड्यावर टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसत असतील तर तो जीवाणूंचा संसर्ग आहे आणि डॉक्टर लावायला प्रतिजैविक देतात. बुटांना दोन वापरांमध्ये २४ तास वाळू द्या, म्हणजे दोन जोड आलटून पालटून वापरा. अत्तर शिंपडून काही होत नाही.

आता टाच. उभे राहिल्यावर टाचेखालची चरबीची गादी दाबली जाते आणि बाजूंना पसरते. कड मऊ असेल तर ती ताणली जाते, कडक असेल तर फाटते. म्हणून भेगा टाचेच्या काठावर आणि उभ्या पडतात. मागून उघड्या चपलेत ही गादी आवरायला काहीच नसते, त्यामुळे ज्यांना वारंवार भेगा पडतात त्यांनी काही आठवडे मागे बंद असलेले पादत्राण वापरून पाहावे. क्रीमइतकाच याचा उपयोग होतो असे आमचे मत आहे.

क्रीम कोणते? त्यात यूरिया किती टक्के आहे ते पाहा. सुगंध आणि रंग बाजूला ठेवा. १० टक्क्यांपर्यंत यूरिया कातडीत पाणी धरून ठेवतो, २० ते २५ टक्के असेल तर कडक थर सैलही करतो. साध्या कोरड्या टाचेला पहिले पुरे, जाड आणि भेगाळ टाचेला दुसरे. उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेवर यूरिया झोंबतो, तिथे आधी पेट्रोलियम जेली. प्रमाणासाठी सोपे माप आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढली की सुमारे अर्धा ग्रॅम होते. एका पायाला अशा दोन रेघा लागतात. पाय पुसल्यावर तीन-चार मिनिटांच्या आत, कातडी किंचित दमट असतानाच, टाच, कड आणि तळवा यांवर लावावे. बेचकी सोडून द्यावीत. रात्री लावून वर सैल सुती मोजे घातले तर परिणाम जास्त. क्रीम लावल्यावर फरशीवर अनवाणी चालू नका, पाय घसरतो.

घासण्याबद्दल आमचा आग्रह असा की पाय कोरडा असताना घासा. भिजलेली कातडी किती निघते आहे ते कळत नाही आणि जिवंत थर सोलला जातो. पायाची कानस किंवा वज्री एकाच दिशेने, हलक्या हाताने, दहा-बारा वेळा, आठवड्यातून दोनदा. कातडी गुलाबी किंवा लवचिक लागली की थांबायचे. सगळा घट्टा एका बैठकीत काढायचा नसतो. खरवडून रक्तापर्यंत नेलेली टाच बरी होताना आणखी जाड होते. ब्लेड, कात्री, सुरी यांचा इथे काहीही संबंध नाही. वज्री एकाची दुसऱ्याने वापरू नये.

दोन-तीन आठवडे नीट क्रीम लावूनही टाच मऊ होत नसेल तर तो साधा कोरडेपणा नसावा. दोन्ही तळवे पिठूळ, तळव्याच्या रेषांत पांढरी भुकटी, कडेला तांबूस सीमा आणि जोडीला एकाच हाताचा तळवाही तसाच, असे चित्र असेल तर ती तळव्यावरची बुरशी असते. लोक तिला वर्षानुवर्षे ‘माझी कातडीच कोरडी’ म्हणून सांभाळतात. सोरायसिस, इसब आणि थायरॉइडची कमतरता हीही कारणे असतात. कातडीचा थोडा खरवडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी आहे का ते बहुधा कळते.

नखांकडे वळू. पायाचे नख महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर वाढते, अंगठ्याचे नख मुळापासून पूर्ण नवे यायला १२ ते १८ महिने लागतात. म्हणून दर आठवड्याला नखे कापायची गरज नसते, चार ते सहा आठवड्यांनी पुरे. अंघोळीनंतर नख मऊ असते तेव्हा, चांगल्या उजेडात, एका घावात न कापता छोटे छोटे तुकडे घेत, सरळ रेषेत कापावे. बोटाच्या टोकाशी बरोबरीत ठेवावे, त्याहून आत जाऊ नये. टोकदार कोपरा कानसेने बोथट करावा. कोपरा आत खोलवर गोल कापला की खाली एक बारीक कुसळ उरते. ते दिसत नाही, पण नख पुढे सरकताना ते मांसात रुतते. मग सूज येते, लाली येते आणि माणूस तोच कोपरा आणखी खोल कापतो. रुतलेल्या नखाची बहुतेक प्रकरणे या चक्रातून तयार होतात, उरलेली पुढून अरुंद बुटांतून.

नुसते दुखत असेल, पू नसेल, तर बोट १५ मिनिटे कोमट पाण्यात दिवसातून तीनदा बुडवावे (भिजवण्याला आम्ही मान्य करतो अशी ही एक जागा), लगेच कोरडे करावे आणि नखाच्या कडेचे मांस बोटाने हळूच बाहेर ओढत राहावे. पुढून रुंद किंवा उघडे पादत्राण घालावे. पू, लालभडक फुगलेले मांस किंवा आठवड्यात उतार नाही, असे असेल तर डॉक्टरांनी सुन्न करून नखाची कड काढणे हा छोटा आणि खात्रीचा उपाय आहे. घरी पिन घालून कोपरा उचकटू नये.

नख पिवळे, जाड, ठिसूळ झाले म्हणजे बुरशीच, असे धरू नका. अशा नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी असते, बाकीची ठेच, आखूड बूट किंवा सोरायसिस यांमुळे तशी होतात. बुरशीवरची टर्बिनाफिनची गोळी पायाच्या नखांसाठी साधारण १२ आठवडे घ्यावी लागते आणि आधी यकृताची तपासणी करतात. एवढे औषध अंदाजाने घेणे योग्य नाही, आधी नखाचा तुकडा तपासून घ्यावा. नखाखाली नवीन काळी उभी पट्टी आली, ती रुंदावत गेली किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीत उतरला, तर मात्र वेळ घालवू नका. तळव्यावरच्या, आकार किंवा रंग बदलणाऱ्या तिळासारख्या डागालाही हेच लागू. कातडीचा एक गंभीर कर्करोग असा सुरू होतो.

कुरूप ही एक खूण असते. पायाला कोणती वस्तू कुठे बोचते आहे ते ती सांगते. बोटाच्या पाठीवर कुरूप असेल तर बुटाची उंची आत कमी आहे. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला असेल तर रुंदी कमी. चवड्याखाली घट्टा असेल तर बुटाची टाच फार उंच आहे, किंवा त्याचा तळ पातळ आहे, किंवा बोटे वाकडी होऊन चवड्यावर भार येतो आहे. चौथ्या बोटाच्या आणि करंगळीच्या मध्ये मऊ, पांढरे, ओलसर कुरूप होते. ते हुबेहूब चिखल्यांसारखे दिसते आणि महिनोन्‌महिने बुरशीचे मलम लावूनही जात नाही. दोन बोटांची हाडे एकमेकांवर दाबली जाण्याने ते झालेले असते, मध्ये सिलिकोनची चकती किंवा लोकर ठेवल्यावर आराम पडतो. कुरूप की चामखीळ, हा गोंधळही नेहमीचा. दाबले की दुखते ते बहुधा कुरूप, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखते ती बहुधा चामखीळ. चामखिळीत काळे ठिपके दिसतात आणि तळव्याच्या रेषा तिच्याजवळ येऊन तुटतात.

बूट किंवा चप्पल बदलली नाही तर कापलेले कुरूप काही आठवड्यांत परत उगवते. कुरूपावर लावायच्या तयार पट्ट्यांत सॅलिसिलिक आम्ल असते, बऱ्याचदा ४० टक्के. आम्ल कुरूप आणि निरोगी कातडी यांत भेद करत नाही. पाय बधिर असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर त्या पट्टीखाली व्रण, म्हणजे लवकर न भरणारी उघडी जखम, तयार होतो आणि पट्टी काढेपर्यंत तो कळत नाही. मधुमेह असलेल्याने ती पट्टी वापरूच नये.

पादत्राण घेताना संध्याकाळी घ्यावे, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. दोन्ही पाय उभे राहून मोजावेत, मोठ्या पायाच्या मापाने घ्यावे. वय वाढते तशी पायाची कमान बसते आणि पाय लांब-रुंद होतो, म्हणून वीस वर्षांपूर्वीचा नंबर आज लागू होईलच असे नाही. सर्वांत लांब बोटाच्या पुढे एक ते सव्वा सेंटीमीटर जागा हवी, आणि ते बोट अंगठाच असते असे नाही, काहींचे दुसरे बोट लांब असते. कागदावर उभे राहून पायाची बाह्यरेषा काढा, कापा आणि तो कागद बुटात सरकवा. कडा दुमडल्या तर तुमचा पायही आत दुमडणार आहे. बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे, मध्येच वाकू नये, आणि मागची बाजू अंगठ्याने दाबल्यावर सहज चेपू नये. ‘वापरून वापरून सैल होईल’ या आशेवर काही घेऊ नका. नवा जोड पहिल्या दिवशी एक-दोन तास घालून काढावा आणि लाली उठली आहे का ते पाहावे. मोज्याची शिवण बोटांवर येत असेल तर मोजा उलटा घालावा. पोटरीवर खोल वळ उमटवणारे इलॅस्टिक नको.

सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेत कळ आणि दहा-पंधरा पावलांनी बरे, ही तक्रार तळव्याखाली टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या ताठर पट्ट्याची असते. एक्स-रेमध्ये दिसणारे टाचेचे हाड वाढणे अनेक न दुखणाऱ्या टाचांतही दिसते, त्याच्या मागे लागू नये. पलंगावरून पाय खाली ठेवण्याआधी पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, बोटे हाताने नडगीकडे ओढा, तळव्याचा पट्टा ताणलेला लागला पाहिजे. दहा सेकंद धरा, दहा वेळा करा, दिवसातून तीनदा. गुण यायला आठवडे लागतात, कधी महिने. चालणे बंद करायची गरज नाही, कडक फरशीवर अनवाणी उभे राहणे तेवढे बंद करा.

आता ज्याच्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिले तो भाग. वर लिहिलेल्या प्रत्येक तक्रारीत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे पाय दुखतो. मधुमेहात मज्जातंतू बिघडले की पाय दुखायचा थांबतो, आणि माणसाला वाटते पाय ठीक आहेत. वेदना गेली की पाय कसा झिजतो हे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या बाबतीत दाखवून दिले. हातपायांची झीज रोगाने आपोआप होत नाही, बधिरपणामुळे न कळलेल्या रोजच्या इजांनी होते. मधुमेही पायाचेही तेच. मधुमेह असलेल्या दर तीन ते पाच जणांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी पायाला व्रण होतो आणि मधुमेहात पाय कापावा लागण्याच्या सुमारे ८५ टक्के प्रसंगांत सुरुवात अशा व्रणाने झालेली असते. त्याच मज्जातंतूंच्या बिघाडाने घाम येणे थांबते, म्हणून हे पाय कोरडे आणि भेगाळ दिसतात. आणि म्हणूनच ‘गरम पाण्यात भिजवा’ हा सल्ला नेमका त्यांच्याच पदरी पडतो. ६० अंशांचे पाणी पाच-सहा सेकंदांत खोल भाजते. बधिर पायाला ते कोमट वाटते. गरम पाण्याच्या पिशवीने आणि हीटरनेही असेच भाजलेले पाय आम्ही पाहतो.

बधिरपणा घरी तपासता येतो, उपकरण लागत नाही. या पद्धतीला इप्सविच स्पर्श चाचणी म्हणतात. माणसाने आडवे होऊन डोळे मिटावेत. दुसऱ्याने आपल्या तर्जनीचे टोक त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांवर, एका वेळी एकाच बोटावर, एक-दोन सेकंद अगदी हलके टेकवावे. दाबायचे नाही, टोचायचे नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, न कळल्यास पुन्हा लावायचे नाही. कळले की त्याने उजवा की डावा ते सांगावे. सहापैकी दोन किंवा अधिक जागी कळले नाही तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. तिथे १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने तपासणी होते, घोट्याजवळची आणि पावलावरची नाडी पाहिली जाते. पाय ठीक असले तरी ही तपासणी वर्षातून एकदा हवी. संवेदना गेली असेल तर सहा महिन्यांनी किंवा त्याहून लवकर, आणि आधी व्रण होऊन गेला असेल तर एक ते तीन महिन्यांनी.

बधिर पायाचे नियम कडक आहेत. घरातसुद्धा अनवाणी चालायचे नाही. पाणी ३७ अंशांच्या खाली, कोपराने किंवा थर्मामीटरने तपासलेले, पायाने नव्हे. भिजवणे बंद. घट्टा स्वतः काढायचा नाही, पण ठेवायचाही नाही. घट्टा हा बुटातल्या खड्यासारखा असतो, तो तज्ज्ञाने काढल्यावर त्या जागेवरचा दाब पाव हिश्श्याहून अधिक उतरतो असे मोजमापांत दिसले आहे. घट्ट्याच्या आत काळसर रक्ताचा डाग दिसला तर खाली व्रण तयार आहे असे धरा. पादत्राण घालण्याआधी दर वेळी हात आत घालून चाचपा. पायाला नक्की काय टोचले होते हे जखम झाल्यावर शोधण्यापेक्षा हे सोपे आहे. रोज रात्री दोन्ही तळवे, टाचा, आठही बेचकी पाहा. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा. दृष्टी कमी असेल तर दुसऱ्याने पाहावे. पांढरे मोजे घातले तर रक्ताचा किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो.

एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल, सुजलेला, पण फारसा न दुखणारा आणि कुठे जखमही नाही, असे मधुमेहात दिसले तर त्यावर पूर्ण भार देऊन चालणे लगेच थांबवून त्याच दिवशी दाखवा. दोन अंश सेल्सिअसचा फरकही महत्त्वाचा असतो. आतली हाडे मऊ पडून मोडत असतात, पहिला एक्स-रे कधी स्वच्छही येतो, आणि ‘मुरगळला असेल’ म्हणत चालत राहिलेला पाय काही आठवड्यांत कमान मोडून होडीच्या तळासारखा होतो. वेळेवर प्लॅस्टर घालून भार काढला तर हे टळते. उलट, थंड, फिकट, केस गळालेला पाय आणि चालताना पोटरी भरून येऊन थांबावे लागणे, ही रक्तपुरवठा कमी असल्याची खूण. तिथे छोटी जखमही भरत नाही, आणि तंबाखू सोडणे हा उपचाराचा भाग आहे, ऐच्छिक सल्ला नाही.

संपादक महोदय, आमची मागणी छोटी आहे. आपल्या पानांवर यापुढे पायांसाठी भिजवण्याचा, घासण्याचा किंवा कुरूप काढण्याचा उपाय छापला जाईल तेव्हा त्याखाली चौकटीत एवढे छापावे:

‘मधुमेह असल्यास किंवा पायाला स्पर्श नीट कळत नसल्यास हा उपाय करू नये. पाण्याची उष्णता कोपराने तपासावी. पाय पुसताना प्रत्येक बेचके कोरडे करावे आणि तिथे क्रीम लावू नये. पायावर न दुखणारी जखम, फोड किंवा काळा डाग दिसल्यास २४ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे.’

आपले,
पादतपासणी व जखमोपचाराचे काम करणारे काही जण